अ‍ॅरासचे सुवर्णपदक : संग्रहवृत्ती आणि ऐतिहासिक पुरावा

उत्तर रोमन काळातील सुवर्णपदके बाजारातील देवघेवीसाठी पाडलेली नव्हती. विजय, राज्यारोहणाचा वर्धापन अशा प्रसंगी सम्राट ती आपल्या अधिकाऱ्यांना व सेनानींना प्रदान करीत असे. त्यामुळे असे पदक कोणापाशी आणि कोणत्या वस्तूंसह सापडले, हा प्रश्न त्यावरील मुद्रालेखाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

उत्तर फ्रान्समधील अ‍ॅरासजवळ 1922 मध्ये विटांसाठी माती खणणाऱ्या मजुरांना नाण्यांचा व दागिन्यांचा एक मोठा निधी सापडला. त्यातील सर्वांत प्रसिद्ध पदक ट्रीर येथील टांकसाळीत पाडलेले असून त्याचे वजन दहा ऑरियस, म्हणजे सुमारे 53 ग्रॅम आहे. दर्शनी बाजूस कॉन्स्टँटिअस क्लोरसची प्रतिमा आहे. मागील बाजूस तोच अश्वारूढ दिसतो; समोर नगराच्या वेशीपाशी गुडघे टेकलेली स्त्री, खाली सैनिकांनी भरलेले गलबत. ही स्त्री म्हणजे लंडन नगरी, हे तिच्याजवळ कोरलेल्या तीन अक्षरांवरून कळते. मुद्रालेख कॉन्स्टँटिअसला ‘शाश्वत प्रकाश पुन्हा आणणारा’ म्हणतो.

प्रसंग इ. स. 296 मधील आहे. कॅरॉशिअसने साम्राज्यापासून तोडलेले ब्रिटन, त्याचा वध करणाऱ्या अलेक्टसच्या ताब्यात होते. अलेक्टसचा रणांगणावर प्रत्यक्ष पराभव केला तो अस्क्लेपिओडोटस या सेनापतीने. पदकावर मात्र त्याला स्थान नाही. बखरी वाचण्याची सवय असलेल्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. हे पदक घटनेचा जितका पुरावा आहे, त्याहून अधिक त्या घटनेच्या दरबारी आवृत्तीचा आहे.

हा निधी एकसंध राहिला असता तर आणखी पुष्कळ हाती लागले असते. ही संपत्ती बहुधा एखाद्या अधिकाऱ्याने अनेक वर्षांच्या सेवेत राजाकडून मिळालेल्या देणग्यांतून जमविली होती. परंतु निधी अल्पावधीत विखुरला आणि नाणी व्यापाऱ्यांमार्फत देशोदेशीच्या संग्राहकांकडे गेली. संग्राहकाने मोजलेल्या किमतीमुळे अनेक नाणी मुशीतून वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच किमतीच्या आशेने निधी फुटला, हेही तितकेच खरे. प्रस्तुत लेखकास दुसरी हानी अधिक गंभीर वाटते, कारण सुट्या नाण्यावरून राजा कळतो, ते बाळगणारा माणूस कळत नाही.

पियेर बास्तियें आणि कॅथरीन मेट्झगर यांनी विखुरलेल्या नाण्यांचा माग काढून या निधीची सूची 1977 मध्ये प्रसिद्ध केली. तोवर शोधाला 55 वर्षे लोटली होती.