यजमान आणि देवडी : घरगुती संगणकाच्या पत्त्याचा इतिहास

१

घरातील संगणकावर खेळ मांडून परगावच्या सवंगड्यांना त्यात बोलवावयाचे असेल, तर घरच्या राउटरमध्ये एक लहानशी नोंद करावी लागते. बाहेरून अमुक क्रमांकावर जो संदेश येईल तो घरातील अमुक यंत्राकडे पोहोचता करावा, एवढाच त्या नोंदीचा आशय. या क्रियेस ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ असे म्हणतात. वरवर पाहता हा तंत्रज्ञांच्या अथवा सुट्टीत खेळणाऱ्या मुलांच्या कक्षेतील विषय वाटतो. संशोधन-पत्रिकेत त्यास जागा का द्यावी, अशी शंका वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु ही नोंद करण्याची पाळी मुळात का आली याचा शोध घेऊ लागले, म्हणजे नामव्यवस्थेचा एक लक्षणीय इतिहास हाती लागतो. जिला स्वतःचे विशेषनाम होते ती वस्तू सर्वनामाच्या पायरीवर कशी उतरली, आणि तात्पुरती म्हणून केलेली सोय कायमची कशी होऊन बसली, हे त्यात स्पष्ट दिसते. तो इतिहास कालक्रमाने मांडून त्याचा अर्थ पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम दोन शब्दांचा विचार केला पाहिजे. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर यांनी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यासंबंधी एक टिपण अभिप्रायार्थ प्रसृत केले. पुढे ‘आर. एफ. सी.’ या नावाने जी टिपणांची माला प्रसिद्धीस आली तिचे हे पहिले पुष्प होय. त्याच्या मथळ्यातच ‘होस्ट’, म्हणजे यजमान, हा शब्द आहे. जाळ्यास जोडलेला प्रत्येक संगणक यजमान, अशी ही परिभाषा होती. ज्या लॅटिन शब्दापासून हा इंग्रजी शब्द आला, त्या ‘होस्पेस’चे यजमान आणि पाहुणा असे दोन्ही अर्थ होत असत, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जाळ्यातील यंत्रही तसेच होते : आज एकाकडे पाहुणा म्हणून जाणारे यंत्र उद्या दुसऱ्याचा यजमान होऊ शके.

दुसरा शब्द ‘पोर्ट’. एकाच यंत्रात अनेक कामे चालू असता आलेला संदेश कोणत्या कामाचा, हे ओळखण्यासाठी क्रमांक हवा असतो. आर्पानेटवर अशा क्रमांकांचा मेळ राहावा म्हणून जॉन पोस्टेल यांनी मे १९७२ मधील आर. एफ. सी. ३४९ या टिपणात ते वाटून देणारा एक अधिकारी नेमण्याची सूचना केली आणि अर्धवट थट्टेने त्या जागी स्वतःचेच नाव पुढे केले. हे काम त्यांनी १९९८ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळले. सप्टेंबर १९८१ मध्ये टी. सी. पी. या नियमसंचाचे जे प्रमाणरूप प्रसिद्ध झाले, त्यात पोर्टक्रमांकास १६ अंश दिले आहेत. म्हणजे ० ते ६५,५३५ इतके क्रमांक उपलब्ध होतात.

‘पोर्ट’ या शब्दाचा अर्थ कित्येकजण ‘बंदर’ असा घेतात. लॅटिनमध्ये ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर आणि ‘पोर्ता’ म्हणजे दरवाजा असे दोन सगोत्र शब्द आहेत. वाफेच्या यंत्रातील ज्या छिद्रातून वाफ आत-बाहेर जाते त्यासही अभियंते पोर्ट म्हणत आले. हा शब्द दरवाजाच्या घराण्यातील आहे, आणि संगणकाचा पोर्टही त्याच घराण्यातील. तेव्हा मराठीत त्यास ‘दार’ वा ‘द्वार’ म्हणणे युक्त. ‘बंदर’ म्हटल्यास कल्पना भलतीकडे जाते.

३

१९८१ च्याच नियमावलीत यंत्राच्या पत्त्यास ३२ अंश दिले होते. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि सैन्य यांच्या जाळ्यास ही संख्या अफाट वाटली असल्यास नवल नाही. पण १९९० नंतर हे पत्ते पुरणार नाहीत, अशी चिंता जाणत्यांस वाटू लागली. मोठ्या पत्त्यांची नवी पद्धत तयार होईपर्यंत काळ कंठावयाचा कसा, हा प्रश्न होता.

मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आर. एफ. सी. १६३१ मध्ये ‘नॅट’ या नावाने रूढ झालेला उपाय मांडला. संस्थेच्या आतील यंत्रांस खाजगी पत्ते द्यावे. तेच पत्ते दुसऱ्या संस्थेच्या आतही वापरले जाण्यास हरकत नाही. संदेश उंबरठा ओलांडताना तेथील यंत्राने आतील पत्ता बदलून बाहेरचा घालावा. ‘नॅट’ या संक्षेपातील शेवटचे अक्षर ‘भाषांतर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आहे. लेखकांचा प्रांजळपणा उल्लेखनीय आहे. हा उपाय अल्पकालीन आहे. त्यातील दोषांमुळे तो दीर्घकाल चालण्याजोगा नाही, कदाचित अल्पकाळही नसेल, असे त्यांनीच समारोपात नमूद केले.

विरोधही झाला. जुलै १९९४ मध्ये एलियट लिअर व त्यांचे तीन सहकारी यांनी आर. एफ. सी. १६२७ द्वारे असे प्रतिपादिले की, पत्ता जगभर अनन्य असणे हे या जाळ्याचे मूलतत्त्व होय, आणि खाजगी पत्त्यांची प्रथा त्यास बाधक आहे. परंतु फेब्रुवारी १९९६ मध्ये खाजगी पत्त्यांची व्यवस्था आर. एफ. सी. १९१८ ने पक्की केली, तेव्हा तिच्या पाच लेखकांत लिअर यांचेही नाव होते. १९२.१६८ ने आरंभ होणारे जे पत्ते आज घरोघर दिसतात, ते या टिपणाने राखून ठेवलेल्या तीन गटांपैकी एकातील आहेत. पुढे पत्त्याबरोबर पोर्टक्रमांकही बदलण्याची पद्धत रूढ झाली आणि एका बाह्य पत्त्याआड सारे घर सामावू लागले.

४

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे काय घडले? ‘मी’, ‘येथे’, ‘आमच्या माडीवर’ ही पदे प्रत्येक घरात सार्थ असतात. पण त्यांचा निर्देश बोलणारा कोण यावर अवलंबून असतो. १९२.१६८.१.५ हा पत्ता याच जातीचा आहे. तो लक्षावधी घरांत आहे आणि प्रत्येक घरात वेगळे यंत्र दाखवितो. विशेषनामाचे असे नसते. रामाने “मी येथे आहे” म्हटले, तर परगावी निरोप सांगणारा “राम तेथे आहे” असे रूपांतर करतो. राउटर नेमके हेच करतो. कोणत्या ‘मी’चे कोणते रूपांतर केले याचे कोष्टक तो जवळ ठेवतो आणि उत्तर आले की त्यावरून मूळ वक्त्यास शोधून काढतो.

मात्र या कोष्टकातील ओळ आतून कोणी बोलल्यावरच निर्माण होते. बाहेरचा मनुष्य आपण होऊन आला, तर त्याच्यासाठी ओळ नसते. जुन्या वाड्याची उपमा द्यावयाची तर, देवडीवरच्या पहारेकऱ्यास वाड्यातून कोण बाहेर गेले ते ठाऊक आहे, पण “माडीवरच्यांना भेटावयाचे आहे” म्हणणाऱ्या अनोळखी पाहुण्यास कोणत्या खोलीत पाठवावे याची त्यास आज्ञा नाही. तो पाहुण्यास परत लावतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे पहारेकऱ्यास आगाऊ दिलेली ही आज्ञा होय.

५

ज्यास केवळ लेख वाचावयाचे अथवा पत्रे आणावयाची, त्यास ही अडचण जाणवत नाही. कारण तेथे आरंभ नेहमी आतून होतो. अडचण जाणवली ती घरात खेळ मांडणाऱ्यांस. डिसेंबर १९९३ मधील ‘डूम’ हा खेळ मुख्यतः एकाच इमारतीतील जाळ्यावर परस्परांशी खेळला जाई. जून १९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेक’ने इंटरनेटवर सर्व्हर मांडण्याची सोय केली, त्याचे दार क्रमांक २६००० हे होते. ‘हाफ-लाइफ’ या १९९८ च्या खेळाचे दार २७०१५, आणि पुढे ‘माइनक्राफ्ट’चे २५५६५. टेलिफोनच्या तारेवरून एकच संगणक जोडला जाई तेव्हा त्यास तेवढ्या वेळेपुरता का होईना, सार्वजनिक पत्ता मिळत असे. घरात दोन-तीन यंत्रे आणि त्यांच्यापुढे राउटर आला, तेव्हा यजमानपण गेले. ते परत मिळविण्याचा विधी सर्वसामान्य खेळाडू शिकले.

तो विधी असा : खेळ ज्या यंत्रावर मांडला त्याचा घरातील पत्ता कायम करावा, नाहीतर उद्या तो बदलतो आणि आज्ञा रिकाम्या खोलीकडे जाते, राउटरमध्ये बाहेरचे दार, आतील पत्ता व आतील दार यांची नोंद करावी, वाहतूक टी. सी. पी. पद्धतीची की यू. डी. पी. पद्धतीची हे अचूक सांगावे, कारण ‘क्वेक’ दुसरीवर चालतो तर ‘माइनक्राफ्ट’चा मूळ सर्व्हर पहिलीवर; यंत्रावरील फायरवॉलमध्ये तेवढीच परवानगी द्यावी; आणि परीक्षा घराबाहेरील जोडणीवरून घ्यावी. खेळ संपल्यावर नोंद काढून टाकावी हेही त्यातच आले.

हा विधी टाळण्यासाठी, प्रोग्रॅमनेच राउटरकडे दार मागून घ्यावे असे ‘यू. पी. एन. पी.’ प्रमाण २००१ मध्ये सिद्ध झाले. त्यात मागणाऱ्याची ओळख पटविण्याची अट सामान्यतः नव्हती. आत शिरलेला दुष्ट प्रोग्रॅमही दार मागू शके. शिवाय कित्येक राउटर ही विनंती बाहेरच्या बाजूनेही ऐकून घेत. जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८ कोटींहून अधिक पत्त्यांवरून ‘यू. पी. एन. पी.’च्या शोध-विनंतीस बाहेरून उत्तर मिळाले. सोयीसाठी देवडी ओस पडली, असाच याचा अर्थ.

६

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गट वाटले गेले आणि १५ एप्रिल रोजी आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा अखेरच्या गटावर आला. मग सेवा देणाऱ्या कंपन्यांनी नॅट स्वतःच्या घरी आणले. एप्रिल २०१२ मधील आर. एफ. सी. ६५९८ ने १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते याकरिता राखून ठेवले. आता वाड्याच्या देवडीपुढे गावाची वेस आली, आणि वेशीवरचा पहारेकरी घरमालकाची आज्ञा ऐकत नाही.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने घेतला आहे. भाच्याने सुट्टीत घरी ‘माइनक्राफ्ट’ मांडला. नागपूर व सातारा येथील मित्र यावयाचे होते. वर सांगितलेला विधी त्याने बिनचूक केला, तरी कोणी आत येऊ शकेना. दोन संध्याकाळी गेल्यावर राउटरने दाखविलेला बाह्य पत्ता व बाहेरून दिसणारा पत्ता ताडून पाहिला. ते भिन्न होते, आणि पहिला १०० ने सुरू होत होता. कंपनीकडे विचारता, सार्वजनिक पत्ता हवा असल्यास दरमहा वेगळे शुल्क पडेल, असे उत्तर आले. अखेर मुलांनी दुसऱ्याच्या यंत्रावर भाड्याने जागा घेतली. खेळ झाला, पण भाचा स्वतःच्या घरात यजमान राहिला नाही.

७

ज्या दीर्घकालीन उपायाची वाट १९९४ मध्ये पाहिली जात होती, तो आय. पी. व्ही. ६ या नावाने डिसेंबर १९९५ मध्ये मांडला गेला आणि जुलै २०१७ मध्ये त्यास पूर्ण प्रमाणाचा दर्जा मिळाला. त्यात पत्त्यास १२८ अंश आहेत. घरातील प्रत्येक यंत्रास विशेषनाम देता येते. पहारेकरी तेथेही असतो व असावाच. मात्र त्याने भाषांतर करावयाचे नसते, केवळ प्रवेश द्यावयाचा वा नाकारावयाचा असतो. तथापि खेळ आणि पाहुण्याची जोडणी दोन्ही नव्या पद्धतीच्या नसतील, तर जुनेच कोष्टक पुन्हा उघडावे लागते.

नॅटने जाळे तगवून धरले हे मान्य केलेच पाहिजे. त्याच्या आडोशाने असंख्य घरगुती यंत्रे अनाहूत पाहुण्यांपासून बचावली हेही खरे. पण किंमत पडली ती अशी की, १९६९ मध्ये जो शब्द प्रत्येक यंत्रास लागू होता तो आता मुख्यतः भाड्याच्या यंत्रांस लागू होतो, आणि घरोघरची यंत्रे पाहुणी झाली आहेत. राउटरमधील ती एक ओळ या बदलाची साक्ष आहे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी मराठी मुले या व्यवहारात ‘पोर्ट’, ‘होस्ट’, ‘सर्व्हर’ हे शब्द कसे चालवितात, त्यांस कोणते लिंग व कोणती क्रियापदे लावितात, याची टिपणे गोळा केल्यास या इतिहासाचा उरलेला भागही लिहिता येईल.