निष्ठा आणि ८३ टक्के

जुलै १९७७ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे मॅनेजर डॉन रेव्ही यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याचे पत्र इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या हाती पडण्यापूर्वीच ती बातमी ‘डेली मेल’च्या वाचकांपर्यंत पोहोचली होती. पाठोपाठ कळले ते असे, की रेव्ही संयुक्त अरब अमिरातींच्या संघाची धुरा सांभाळणार असून चार वर्षांसाठी त्यांना ३ लाख ४० हजार पौंड, तेही करमुक्त, मिळणार आहेत. आदल्या महिन्यात इंग्लंडचा संघ दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना, इटलीचा सामना पाहण्यासाठी आपण हेलसिंकीला जात आहोत असे सांगून निघालेले रेव्ही दुबईलाही जाऊन आले होते, हेही उघड झाले. त्यानंतर त्यांच्यावर जी टीका झाली, तिचे मराठी सार एका शब्दात सांगता येईल : गद्दार.

फुटबॉल हा आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना एक प्रश्न आमच्यासमोर वारंवार उभा राहतो. माणसाच्या कृतीमागील हेतू आपण नेमका कोठून वाचतो? ‘तो पैशासाठी गेला’ हे वाक्य वरकरणी वस्तुस्थितीचे कथन वाटते. प्रत्यक्षात तो एक निवाडा असतो. पैसा किती, कोणत्या व्यवस्थेत मिळालेला, हातात पडणारा की केवळ कागदावरचा, हे न विचारताच तो दिलेला असतो. रेव्ही यांचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

रेव्ही १९२७ साली मिडल्सबरो येथे जन्मले. वडील सुतारकाम करणारे. तिसाच्या दशकातील मंदीत त्यांच्या हाताला काम नव्हते. रेव्ही बारा वर्षांचे असताना आई गेली. पुढे ते नामवंत खेळाडू झाले, १९५५ साली वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरले, १९५६ मध्ये मँचेस्टर सिटीकडून एफ. ए. चषक जिंकला. परंतु या यशाची किंमत ठरवणारा एक नियम आधीच अस्तित्वात होता. १९०१ पासून इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. प्रारंभी ती आठवड्याला ४ पौंड होती. जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली ती रद्द करवून घेतली, तेव्हा २० पौंड होती. मर्यादा उठताच फुलहॅमच्या जॉनी हेन्स यांना आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. रेव्ही तोवर चौतिशीत पोहोचले होते आणि त्याच वर्षी लीड्स युनायटेडचे मॅनेजर झाले. म्हणजे खेळाडू म्हणून त्यांचा बहरातला सारा काळ या मर्यादेखाली गेला.

मॅनेजर म्हणून लीड्सला त्यांनी दुसऱ्या श्रेणीतून उचलून दोनदा लीग विजेतेपद मिळवून दिले आणि १९७४ मध्ये राष्ट्रीय संघाचे पद स्वीकारले. त्याच वर्षी अर्थमंत्री डेनिस हीली यांनी कष्टार्जित उत्पन्नावरील प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७५ वरून ८३ टक्क्यांवर नेला. हीली हे लीड्समधूनच निवडून आलेले खासदार होते, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आम्ही त्याला कृत्रिम म्हटले असते. हा दर साधारण २० हजार पौंडांपुढील उत्पन्नाला लागू होई. त्या पातळीवर कमावलेल्या प्रत्येक शंभर पौंडांतील सतराच हाती उरत.

आता हिशेब मांडून पाहू. करमुक्त ३ लाख ४० हजार पौंड चार वर्षांत विभागले, तर वर्षाला ८५ हजार पौंड हातात येतात. इंग्लंडमध्ये राहून एवढीच रक्कम हाती पडावयाची, तर वार्षिक वेतन ४ लाख पौंडांहून अधिक असावयास हवे होते. असे वेतन त्या काळी कोणताही इंग्लिश क्लब मॅनेजरला देत नव्हता. तेव्हा रेव्ही यांच्यापुढील निवड ‘थोडे कमी’ आणि ‘थोडे अधिक’ यांतली नव्हती. स्वदेशात आयुष्यभर राबूनही जे साठले नसते, ते दुबईत चार वर्षांत मिळत होते. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी घरांतून माणसे आखातात गेली. त्यांच्या जाण्याला आपण निष्ठेच्या तराजूत तोलले नाही. घर सावरण्यासाठी गेला, असेच म्हटले.

त्याच उन्हाळ्यात, रेव्ही यांच्या राजीनाम्याच्या काही आठवडे आधी, केव्हिन कीगन लिव्हरपूल सोडून हॅम्बुर्गला गेले. पश्चिम जर्मनीत प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ५६ टक्के होता. कीगन पुढेही इंग्लंडकडून खेळत राहिले. खेळाडूने परदेशी जाणे ही कारकीर्द ठरली आणि मॅनेजरने जाणे हा द्रोह ठरला. खेळाडू ही विकली-खरेदली जाणारी चीज, तर मॅनेजर हा कुटुंबप्रमुख, अशी एक अव्यक्त कल्पना या भेदामागे असावी असे आम्हांस वाटते. कुटुंबप्रमुखाने वेतनाचा विषय काढू नये, ही अपेक्षा आपल्यालाही अपरिचित नाही.

फुटबॉल संघटनेने रेव्ही यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. १९७९ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण ज्या अध्यक्षांशी त्यांचा वाद होता तेच निवाडा करणाऱ्यांतही बसले होते. मात्र न्यायमूर्ती कँटली यांनी रेव्ही यांच्या वर्तनाला निष्ठाहीन आणि स्वार्थी ठरवण्यात कसर ठेवली नाही. कायद्याने ते सुटले, शब्दांनी मात्र बांधले गेले. इंग्लंडमधील कोणत्याही क्लबचे मॅनेजरपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९८९ मध्ये एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर ४४ दिवस लीड्सचे मॅनेजर राहिलेल्या ब्रायन क्लफ यांच्यावर डेव्हिड पीस यांनी २००६ साली ‘द डॅम्ड युनायटेड’ ही कादंबरी लिहिली. तीतही रेव्ही आहेत ते क्लफच्या मनावर पडलेल्या गडद सावलीसारखे.

दरम्यान हिशेब बदलला होता. १९७९ मध्ये ब्रिटनने सर्वोच्च दर ६० टक्के केला, १९८८ मध्ये ४०. डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालाने युरोपीय संघातील खेळाडूंना करार संपताच मुक्तपणे क्लब बदलता येऊ लागला. स्पेनने २००४ पासून परदेशातून येणाऱ्यांसाठी २४ टक्क्यांचा सरसकट दर लागू केला. तो ‘बेकहॅम कायदा’ म्हणूनच ओळखला गेला. क्लेवेन, लँडे आणि साएझ या अर्थशास्त्रज्ञांनी युरोपातील १४ देशांच्या फुटबॉलचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवून दिले, की कराचे दर आणि खेळाडूंचे स्थलांतर यांचे नाते दृढ आहे. स्पेन-इटलीत करार बहुधा करोत्तर रकमेत होतात. त्यामुळे दर वाढला की भार क्लबवर पडतो, आणि सवलत मिळाली की क्लबला तोच माणूस स्वस्तात मिळतो. ज्याला आपण व्यक्तीचा मोह म्हणतो, त्यात अशा रीतीने शासन आणि क्लब हे दोघेही भागीदार असतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये रॉबेर्तो मान्चिनी यांनी इटलीच्या राष्ट्रीय संघाचे पद सोडले आणि त्याच महिन्यात ते सौदी अरेबियाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. तेथेही वेतनावर प्राप्तिकर नाही. टीका त्यांच्यावरही झाली; दहा वर्षांची बंदी मात्र कोणी घातली नाही. सेहेचाळीस वर्षांत माणसाचा स्वभाव बदलला नाही, त्याच्याकडे पाहण्याची रीत बदलली.

येथे रेव्ही यांची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही. हेलसिंकीचे निमित्त पुढे करून दुबई गाठणे हे असत्यच होते, आणि ८३ टक्के दराने ते सत्य होत नाही. शिवाय हे पैसे सरकारजमा होत तेव्हा त्यातून शाळा आणि रुग्णालये चालत. सारेच रेव्ही निघून गेले तर बारा वर्षांच्या पोरक्या मुलाच्या पाठीशी कोणी उभे राहावे, हा प्रश्न उरतोच. गंमत अशी, की तो मुलगा आणि तो मॅनेजर ही एकच व्यक्ती आहे. चरित्रकाराला या दोघांनाही एकाच पानावर उभे करता आले पाहिजे. खोटे बोलणे हा रेव्ही यांचा दोष, तो त्यांच्या पदरी घालावा. परंतु जाण्याच्या निर्णयात वेतनमर्यादा, करदर आणि मंदीतले घर यांचा जो वाटा आहे, तोही त्यांच्या एकट्याच्या नावावर मांडू नये. विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू : एखाद्या चरित्रात ‘लोभ’ हा शब्द आला, की त्या वर्षीचा कराचा तक्ता एकदा पाहून घ्यावा.