शिकाऊ हात आणि वाकडे मूळ

रूट कॅनॉल हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. दाढेतली नस काढायची, नळी साफ करायची, भरून बंद करायची. ऐकायला सोपे. पण दाढेची मुळे बहुधा वाकडी असतात, आणि नळीच्या टोकापर्यंत नजर जात नाही. काम बोटांच्या अंदाजाने करायचे. तो अंदाज शिकाऊ हाताला कुठून असणार?

१८३८ साली अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून नळी साफ करण्याचे पहिले हत्यार केले. (हेच गृहस्थ पुढे बंदुकांच्या शोधांसाठी गाजले!) त्यानंतर साठ वर्षे सगळे अंधारातच चालले. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि १८९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी दाताच्या नळीत शिशाची तार ठेवून फोटो काढला. तार कुठवर गेली ते दिसले. त्या किरणांनीच पुढे केल्स यांची बोटे नासली, अखेर हातही गेला. आज विद्यार्थी नळीची लांबी मोजायला फोटो काढतो, त्यामागे हा हात आहे.

तरी चुका राहिल्याच. पोलादी फाइल सरळ राहू पाहते. वळणावर जोर केला की ती भिंतीत खाच पाडते. मग पुढची फाइल त्या खाचेतच अडते, मूळ वाट हरवते. आणखी रेटले तर मुळाला भोक पडते किंवा फाइल आत मोडते. त्यात पूर्वी प्रत्येक कारखान्याचे नंबर वेगळे. १९५८ मध्ये जॉन इंगल आणि लेव्हाइन यांनी मापे एकसारखी करण्याची योजना मांडली: २५ नंबर म्हणजे टोकाशी ०.२५ मिलिमीटर. माझ्या मते नवशिक्यांवर याहून मोठे उपकार कोणी केले नाहीत. १९८८ मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी निकेल-टायटॅनियमची लवचीक फाइल दाखवली. ती वळणात वळते, पण मोडताना अनेकदा आधी सूचनाही देत नाही.

आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय काढले. विद्यार्थी आधी काढलेल्या दातांवर हात बसवतात, मग माणसांवर. महाविद्यालयाच्या खुर्चीत बहुतेक तोच बसतो, ज्याला खासगी दवाखाना परवडत नाही. शिकण्याचा खर्च असा त्याच्या दाढेतून वसूल होतो.

मोडलेला तुकडा कधी काढता येतो, कधी आत ठेवून लक्ष ठेवतात. दाढ टिकूही शकते. पण ते रुग्णाला सांगायला हवे. मी शब्दांचा माणूस, म्हणून माझे लक्ष इथे अडते. ग्रंथांत या प्रकाराला ‘इन्स्ट्रुमेंट सेपरेशन’ म्हणतात, म्हणजे हत्यार विलग झाले. मराठीत आणि उर्दूतही ते सरळ तुटते.