अंबाड्याची राणी आणि पायातली पेनी

आपल्या घरांत देवघराच्या डबीत एखादी शिवराई असतेच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पाच-सहा शिवराया शेजारी शेजारी मांडल्या तर लक्षात येतं, की एकीवर ‘छत्रपति’ ऱ्हस्व, दुसरीवर दीर्घ, तिसरीवर शेवटचं अक्षरच कडेबाहेर गेलेलं. शिवराई हातानं ठोकलेली, तेव्हा त्यात नवल नाही. पण विलायतेतल्या यंत्रावर लाखोंनी पडलेल्या पेनीतसुद्धा अशीच वेगवेगळी घराणी निघतात, आणि ती ओळखण्यात माणसं आयुष्यं घालवतात, हे कळल्यावर मला त्या नाण्याचा इतिहास वाचावासा वाटला.

ब्रिटिश पेनी म्हणजे तिथला गरिबाचा पैसा. बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेनी. १८६० पर्यंत ही पेनी निव्वळ तांब्याची होती, चांगली १८.८ ग्रॅम वजनाची. दहा-पंधरा पेनी खिशात घातल्या तर खिसाच लोंबायचा. म्हणून १८६० मध्ये ब्राँझची पेनी काढली. ९५ भाग तांबं, ४ भाग कथील, १ भाग जस्त. वजन निम्म्यावर आलं, ९.४ ग्रॅम. नाणं पातळ झालं पण जास्त टिकाऊ.

या नव्या पेनीवर राणी व्हिक्टोरियाचे केस मागे अंबाड्यात बांधलेले आहेत. इंग्रजी संग्राहक तिला ‘बन हेड’च म्हणतात, म्हणजे सरळ अंबाडावाली. हे चित्र लिओनार्ड चार्ल्स वायन यांनी कोरलं. त्यांचे वडील विल्यम वायन हेही टाकसाळीतले नामांकित कोरक्ये. तांब्याच्या पेनीवर राणीच्या मानेखाली जी बारीक ‘डब्ल्यू डब्ल्यू’ अक्षरं दिसतात ती त्यांची, आणि तीच अक्षरं आपल्याकडच्या १८४० च्या कंपनी रुपयावरही सापडतात.

अंबाड्याची पेनी निघाली तेव्हा राणी एकेचाळीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षी, १८६१ च्या डिसेंबरात, तिचा नवरा गेला. ती उरलेला जन्म काळ्या कपड्यांत राहिली, पण नाण्यावर मात्र १८९४ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंच्याहत्तरीपर्यंत, तोच अंबाडा आणि तीच लॉरेलच्या पानांची माळ. १८७४ पासून चेहरा जरासा प्रौढ केला एवढंच. डोक्यावरून पदरासारखी ओढणी घेतलेली म्हातारी राणी पेनीवर आली ती १८९५ मध्ये. सरकारी नाण्यावरच्या बाईला म्हातारं व्हायलासुद्धा परवानगी लागते, बरं का!

आता प्रकार कसे झाले ते बघू. नाणं पाडायला पोलादाचा ठसा लागतो, एक वरचा, एक खालचा. मूळ चित्र एकच असलं तरी त्यावरून ठसे शेकड्यांनी तयार करावे लागत, कारण दाबाखाली ते झिजत आणि तडकत. व्हिक्टोरियाच्या काळात सालाचे शेवटचे आकडे प्रत्येक ठशात कारागीर हातानं ठोकून बसवत असे. तिथंच सगळी गंमत आहे. कोणाचा हात आकडे जवळ जवळ ठोकी, कोणाचा लांब लांब, म्हणून १८७५ च्या पेनीत ‘रुंद साल’ आणि ‘अरुंद साल’ असे वेगळे प्रकार आहेत. १८६४ मधल्या चारच्या आकड्याला कुठे आडव्या रेघेच्या टोकाला बारीक शेंडी आहे, कुठे नाही. जुना ठसा वाया जाऊ नये म्हणून तीनवरच पाच ठोकलेली १८६५ ची पेनी आहे, आणि भिंगातून पाचाच्या पोटातला तीन स्पष्ट दिसतो. आपण जुन्या साडीला नवा काठ लावतो, तसंच ते.

१८६० हे साल तर प्रकारांची खाणच. सगळ्या देशाचं तांबं एकदम बदलायचं होतं, लंडनची टाकसाळ पुरी पडेना, म्हणून बर्मिंगहॅमच्या जेम्स वॉट अँड कंपनीलाही काम दिलं. सुरुवातीला नाण्याच्या कडेला मण्यांची नाजूक माळ होती. नंतर मण्यांच्या जागी दातऱ्यांसारखी कड आली. दोन्ही तऱ्हेची नाणी एकाच सालची. वायन यांची सही कुठे राणीच्या खांद्यावर, कुठे मागच्या बाजूच्या ब्रिटानियाच्या ढालीखाली, आणि पुढच्या काही नाण्यांवर अजिबात नाही. माळेतली पानं मोजा: काहींत पंधरा, काहींत सोळा. एका ठशातल्या ‘ई’ अक्षराचा खालचा पाय तुटला आणि ‘वन पेनी’चं ‘वनफ पेनी’ झालं. त्या तुटक्या अक्षराच्या नाण्याला आज चांगल्या, निर्दोष नाण्यापेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. बाजाराचा हा न्याय मला अजून नीटसा पटलेला नाही.

पानं मोजायची ही रीत परकी वाटते का? आपल्या बायकांना ती लहानपणापासून येते. मंदिरात चोवीस मूर्ती सारख्याच शांत, सारख्याच बसलेल्या. कोण कुठले भगवान हे आपण बैठकीवरच्या लांछनावरून ओळखतो. बैल दिसला की आदिनाथ, सिंह दिसला की महावीर. फणे मोजून पाच असले तर सुपार्श्वनाथ, सात असले तर पार्श्वनाथ. नवख्याला सगळ्या मूर्ती एक वाटतात, मोजणाऱ्याला नाही.

हे सगळं विस्कळीत ज्ञान एका जागी आणलं मायकेल फ्रीमन यांनी. त्यांचं ब्राँझ नाण्यांवरचं पुस्तक १९७० मध्ये आलं. राणीची बाजू किती तऱ्हांची, ब्रिटानियाची बाजू किती तऱ्हांची, आणि कुठली कुठलीशी जुळते, हे त्यांनी मांडून प्रत्येक जोडीला क्रमांक दिला. आजही संग्राहक नाण्याला फ्रीमन क्रमांकानंच हाक मारतात. नंतरच्या राजांच्या पेनीतही हा शोध चालू राहिला. १९०२ च्या एका प्रकारात ब्रिटानियामागचा समुद्र नेहमीपेक्षा खाली आहे, तिला ‘ओहोटी’ म्हणतात. १८९५ च्या दुर्मीळ प्रकारात त्रिशूळ आणि शेजारचं ‘पी’ अक्षर यांत दोन मिलिमीटर अंतर, नेहमीच्यात एकच. सालाखाली बारीक ‘एच’ असेल तर नाणं बर्मिंगहॅमच्या हीटन यांच्या कारखान्यातलं. अशीच एक खूण आपलीही आहे: दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाला पेनी कमी पडल्या तेव्हा १९४२-४३ मध्ये त्या मुंबईच्या टाकसाळीत पाडल्या, आणि त्यांवर इंडियाचा बारीक ‘आय’ आहे.

एक सांगून ठेवते. असं एखादं नाणं घरात सापडलं तर चिंच-मीठ लावून लख्ख करू नका. तांब्याच्या कळशीला ते शोभतं. नाण्याची जुनी तपकिरी साय गेली की त्याची किंमत जाते, आणि जोरात घासलं तर त्या बारीक खुणाही जातात.

१५ फेब्रुवारी १९७१ ला विलायतेत दशमान नाणी आली आणि ऑगस्टअखेर जुनी पेनी बंद झाली. त्याआधीच्या दहा वर्षांत घरोघरी लोक सुट्टे पैसे टेबलावर ओतून सालं तपासत बसत. अंबाड्याची राणी तोवर चलनात होती, झिजून गुळगुळीत झालेली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच साल असे, १९३३.

त्या वर्षी देशात पेनी इतक्या पडून होत्या की नव्या पाडायची गरजच नव्हती. तरी मोजक्या पाडल्या. आज साधारण सातच असल्याचं धरतात. त्यांतल्या काही संग्रहालयांसाठी होत्या, आणि काही त्या वर्षी पायाभरणी झालेल्या इमारतींत कोनशिलेखाली त्या सालची नाणी ठेवायची म्हणून. लंडन विद्यापीठाच्या इमारतीखाली एक संच गेला, आणि लीड्स शहरातल्या दोन चर्चच्या पायात एकेक. आपल्याकडे शिलान्यासाला खड्ड्यात नाणी सोडतात, तीच भावना. ती दिली म्हणजे दिली. ती पुन्हा कोणी बघायची नसतात, मोजायची तर नाहीच.

पण १९३३ ची पेनी मिळत नाही, हे एव्हाना प्रत्येक पोराला ठाऊक झालं होतं. १९७० मध्ये लीड्सच्या मिडलटन भागातल्या सेंट क्रॉस चर्चमध्ये बांधकाम चालू असताना चोरांनी कोनशिलेखालचा तो संच पळवला. मग रिपनच्या बिशपांना प्रश्न पडला, की दुसऱ्या चर्चचं काय? कर्कस्टॉलजवळच्या सेंट मेरीज चर्चच्या पायातलं नाणंही आज ना उद्या कोणीतरी उकरणार, आणि त्यापायी भिंतीला धोका होणार. त्यांनी ते स्वतःच काढवून घेतलं आणि १९७२ मध्ये विकायला लावलं.

त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. देवाच्या पायाखाली ठेवलेल्या एका पैशाला राखण बसवावी लागावी, ही वेळ त्यांनी आणलेली नव्हती. आपल्या समाजातली एखादी आजी म्हणाली असती, एका सालाचे पंधरा प्रकार जमवायचे म्हणजे परिग्रहच की ग! तिला मी एवढंच म्हणेन, की पानं मोजायला नाणं आपल्या मालकीचं असावं लागत नाही. संग्रहालयाच्या काचेतूनही ती मोजता येतात.

लंडन विद्यापीठाखालची पेनी अजून तिथेच असल्याचं मानतात. सेंट क्रॉसची चोरीला गेलेली मात्र आजवर कुठे उगवली नाही. ज्याच्याकडे असेल त्याला ती कोणाला दाखवताही येत नसेल.