क्षयजंतूचे वर्ण आणि उपजत प्रतिकारशक्ती

पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे प्रथम पेनिसिलिन व पुढे क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. जंतूचा नाश हे त्या वैद्यकाचे ध्येय होते. जंतूचा डीएनए देहाच्या उपजत प्रतिकारशक्तीस जागे करतो, हे ज्ञान नंतरचे. परंतु तेही क्षयाच्याच वाटेने आले.

1984 साली टोकियोतील टोकुनागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयप्रतिबंधक बीसीजी लशीच्या जंतूंतून डीएनए वेगळा केला. तो उंदरांतील अर्बुदांची वाढ रोखतो, असे आढळले. 1995 मध्ये क्रीग प्रभृतींनी त्याचे मर्म उकलले. 'सी'पुढे 'जी' येणे आणि त्या 'सी'वर मेथिलचे चिन्ह नसणे, ही रचना जंतूंत विपुल असते. मानवी डीएनएत हा क्रम विरळ व बहुधा मेथिलयुक्त असतो. 2000 साली ओसाकातील अकिरा यांच्या गटाने ही रचना ओळखणारा ग्राहक, टीएलआर-9, निश्चित केला. उलट, मानवी गुणसूत्रांच्या टोकांशी पुनरावृत्त होणारा 'टीटीएजीजीजी' हा क्रम प्रतिक्रिया शमवितो, असेही पुढे दिसून आले.

वर्ण चारच, परंतु स्वकीय-परकीयाचा निर्णय बऱ्याच अंशी त्यांच्या क्रमावर व चिन्हांवर अवलंबून असतो. हा विवेक ढळला, तर काय होते, हे ल्यूपस या व्याधीत दिसते. तेथे देह स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करतो.