वाचनालयांतील पिस्तूल

परभणी जिल्ह्यांतील वालूर गांवीं जी जुनी चक्राकार बारव आहे, तिच्या पायऱ्यांवर सुटींत घरीं आलेल्या कॉलेजांतील मुलांचा एक वाद आम्हीं नुकताच ऐकला. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत २०१६ सालापासून परवानाधारक विद्यार्थ्यास पिस्तूल जवळ बाळगून विद्यापीठाच्या आवारांत वावरतां येतें, त्यावरून बोलणें निघालें होतें. एकाचें म्हणणें असें कीं, माथेफिरू बंदूक घेऊन येणारच असेल, तर सज्जनानेंच रिकाम्या हातानें मरावें काय? दुसरा म्हणे, सरस्वतीच्या मंदिरांत शस्त्राचें काम नाहीं. अखेर 'आपल्याकडे हा प्रश्नच नाहीं,' असें म्हणून मंडळी उठली. हा समारोप मात्र आम्हांस पटला नाहीं; कारण हा प्रश्न आपल्याकडे पडलेला आहे, आणि तोही पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत.

२२ जुलै १९३१ रोजीं मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन त्या कॉलेजास भेट देण्यास आले होते. ते वाचनालयांत शिरले, तेव्हां वासुदेव बळवंत गोगटे हा तेथील विद्यार्थी इतर वाचकांसारखाच तेथें होता. अगदीं जवळून त्यानें दोन गोळ्या झाडल्या. खिशांतील पाकिटाच्या धातूच्या बटनावर गोळी अडली, आणि हॉटसन बचावले. या कृत्याचें कारण पुण्यांत नव्हतें, सोलापुरांत होतें. १९३० च्या मे महिन्यांत तेथें लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्यास फांसावर चढले. त्या दडपशाहीचा जाब गोगट्यांस विचारावयाचा होता. त्यांस सक्तमजुरीची शिक्षा झाली. पुढें ते वकील झाले, पुण्याचे महापौरही झाले. लोक त्यांस 'हॉटसन-गोगटे' म्हणूनच ओळखत राहिले.

हें उदाहरण एकटें नव्हे. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाट्यगृहांत जॅक्सनवर गोळी झाडणारा अनंत कान्हेरे हा औरंगाबादेस शिकणारा तरुण होता. आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजीं कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभांत बीना दास या विद्यार्थिनीनें गव्हर्नर स्टॅन्ले जॅक्सन यांजवर गोळ्या झाडल्या. या तरुणांचें धैर्य आम्ही कमी लेखत नाहीं. १८७८ च्या शस्त्र-कायद्यानें या देशांतील माणसास परवान्यावांचून हत्यार बाळगण्याची बंदी केली, आणि त्याच्या नियमांत गोऱ्यांस मात्र कित्येक वर्षें सूट होती. अशा काळीं चोरून मिळविलेलें पिस्तूल हें केवळ लोखंड नव्हतें; गेलेल्या स्वाभिमानाची ती खूण होती. परंतु त्या काळचा अपवाद आजचा नियम होऊं शकेल काय?

येथें वाचनालयाकडेच पाहावें. गोगट्यांना गव्हर्नरांच्या इतक्या जवळ जातां आलें तें कशाच्या बळावर? वाचनालयांतला मनुष्य वाचावयासच आलेला असतो, या सर्वांच्या विश्वासाच्या बळावर. तो विश्वास आहे तोंवरच शेजाऱ्याकडे पाठ करून आपण पुस्तकांत मान घालतों. प्रत्येकाच्या सदऱ्याखालीं काय आहे याचा संशय एकदां शिरला, कीं पुस्तकें जागच्या जागीं राहतील, पण वाचनालय उरणार नाहीं.

यावर पहिल्या मुलाचा आक्षेप उरतोच, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. १ ऑगस्ट १९६६ रोजीं टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एक बंदूकधारी माणसें टिपूं लागला, तेव्हां गांवकऱ्यांनीं आपापल्या रायफलींनीं खालून मारा केला व त्यास आडोशास दडपलें, हें खरें आहे. पण शस्त्रांचें ओझें संकटाच्या एका दिवसापुरतें नसतें. उरलेल्या सर्व दिवसांच्या रागालोभांतही तीं हाताशींच असतात. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चालकांनीं, ज्यांत जेफर्सन व मॅडिसन हे दोन माजी अध्यक्ष होते, १८२४ सालींच विद्यार्थ्यांस शस्त्रें बाळगण्याची मनाई केली. तरीही १८४० सालीं दंगा करणाऱ्या एका मुखवटाधारी विद्यार्थ्यानें डेव्हिस नांवाच्या प्राध्यापकास गोळी घातली व ते मरण पावले. तेव्हां नियमानें सर्व कांहीं साधतें असें कोणीं म्हणूं नये. परंतु त्यानंतर त्या विद्यापीठानें प्राध्यापकांच्या हातीं पिस्तुलें दिलीं नाहींत. १८४२ सालीं विद्यार्थ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून परीक्षा घेण्याची प्रथा तेथें सुरू झाली. जखम विश्वासास झाली होती, आणि उपचारही विश्वासावरच केला गेला.

शस्त्र मुळींच नको, असेंही आमचें म्हणणें नाहीं. युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअरमध्यें आणि १९४८ पासून राष्ट्रीय छात्रसेनेंत आपलीं मुलें रायफल हाताळीत आलीं आहेत. पण ती रायफल मोजून मिळते आणि मोजून परत जाते. ती कोणाच्या रागाची मालमत्ता नसते. आपल्या १९५९ च्या कायद्याप्रमाणें आज २१ वर्षांखालील तरुणास सामान्यतः स्वतःचें शस्त्र बाळगतां येत नाहीं, त्यांतही हाच विवेक आहे.

शेवटीं वालूरच्या मुलांस त्यांच्याच प्रांताची आठवण द्यावीशी वाटते. १९३८ च्या नोव्हेंबरांत, निजामी राजवटींत, औरंगाबादच्या कॉलेजांतील मुलांनीं वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठीं संप केला. तो हैदराबादेस पसरला, मुलें विद्यापीठांतून काढलीं गेलीं, आणि नागपूर विद्यापीठानें त्यांतल्या अनेकांस आश्रय दिला. त्यांच्या हातांत कांहींही नव्हतें. पुढें १९४७-४८ सालीं रझाकारांचा कहर झाला, तेव्हां कित्येक तरुणांनीं शस्त्र घेतलें. पण त्यासाठीं ते कॉलेज सोडून सरहद्दीवरच्या छावण्यांत गेले. शस्त्राची वेळ आली तर वर्ग सोडून जावें लागतें, इतकें त्या पिढीस न सांगतां कळत होतें. आजच्या मुलांवर सुदैवानें ती वेळ नाहीं. तेव्हां वर्गांत बसतांना हात मोकळेच ठेवावे, एवढेंच आमचें सांगणें आहे.