तारा नव्हत्या म्हणून आलेलं काम

चौलला ओळखीतला एक मुलगा घरून काम करतो. प्रॉडक्ट डिझायनर. गावात विचाराल तर ‘कंप्युटरवर चित्रं काढतो’ म्हणतील. परवा त्याच्या शेजारी बसलो तेव्हा कळलं, चित्रं कमी आणि माणसं जास्त! सकाळी दहाला बंगळुरूच्या टीमशी कॉल. मग औषधं मागवायच्या ॲपचे स्क्रीन. दुपारी एक आजोबा आपल्या घरी बसून ते ॲप वापरून बघत होते आणि हा व्हिडिओवर गप्प राहून त्यांचं बोट कुठे अडतं ते टिपत होता. पत्त्याच्या रकान्यापाशी अडलं. संध्याकाळपर्यंत रकाना बदलला, कारण लिहून टीमला पाठवलं.

शहरातलं काम आपल्या किनाऱ्यावर येणं नवीन नाही, मंडळी. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकाची सुई हलणार, म्हणजे साठ वर्षांची नोंद बिघडणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी जागा निवडली ती अलिबाग. मुंबईपासून फार लांब नाही, तरी विजेचा गोंगाट नाही. लोखंड टाळून इमारत बांधली. 1904 ला काम सुरू झालं आणि लगेच कुलाब्याचं बंद केलं नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुनं-नवं जुळतंय ना हे बघायला. (आजकाल एवढा धीर कोण धरतो?) विजेची ट्राम मुंबईत 1907 ला धावली, तोवर इकडची घडी बसली होती. वेधशाळा आजही चालू आहे. आपल्यातले निम्मे लोक बाहेरून फक्त कुंपण बघून जातात.

म्हणजे वीज नव्हती म्हणून तेव्हा काम अलिबागला आलं. आता वीज जाते म्हणून ते परत चाललंय.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. त्यानंतर श्रीवर्धन-मुरूडकडची गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, ते आपण विसरलेलो नाही. ते वादळ होतं, समजू शकतो. पण साध्या पावसातही लाईट जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, मग नेट जातं. परवा त्या आजोबांचं बोलणं चालू असतानाच गेली. पोराने इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालवला, नेट गेल्यावर मात्र बाईक काढून अलिबागला मित्राच्या दुकानात जाऊन बसला. मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला, तर ‘फॉल्ट शोधतायत’. हे उत्तर मी वीस वर्षं बातमीत छापतोय.

मूससाहेबांनी जागा बदलण्याआधी दोन वर्षं दोन्ही नोंदी ताडून बघितल्या. या पोराला ऑफिसने ‘इकडेच ये’ म्हणून एक महिन्याची मुदत दिलीये. आई वाडीतल्या सुपाऱ्या सोलता सोलता म्हणाली, “भाऊ, तुम्ही पेपरात लिहा ना काहीतरी.”